झोपवाली काकू

काकू शर्टांना काजं करायच्या. कारखान्यातून कापडाचे गठ्ठे घरी यायचे, काकू बटणांची भोकं पाडून त्यांच्या कडा शिवायच्या आणि गठ्ठे परत जायचे. सासूबाईंना लकवा झाला तेव्हा त्यांनी शिलाई मशीन उचलून सासूबाईंच्या खाटेला लावून ठेवलं. म्हणजे एक पाय मशीनवर आणि एक कान खाटेकडे. नवरा मालाचा ट्रक चालवायचा. घरी असला की आईला अगदी फुलासारखं उचलायचा, पण घरी असायचाच कमी.

सासूबाईंचं सगळं जाग्यावर. त्यांना दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होत. रात्री तर त्यांना हमखास भीती वाटायची आणि त्या सुनेच्या नावाचा धोशा लावायच्या. काकूंची झोप अशी तुकड्यातुकड्यांत फाटली की शेवटी तुकडेसुद्धा हाती लागेनात. मशीनवर बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि सुई बोटात जायची. रविवारचं चर्च तर कधीच सुटलं होतं. सुरुवातीला मंडळींनी चौकशी केली, मग चौकशीही थांबली आणि कोणीतरी म्हणालंच, "तिचा विश्वास थंड पडला."

काकूंच्या कानावर ते आलं. त्यांना राग आला नाही, कारण रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते. पण तेही काही खोटं नव्हतं. प्रार्थनेला डोळे मिटले की झोपच लागायची. शेवटी शेवटी त्यांची प्रार्थना एवढीच उरली होती, "प्रभू, थोडं निजू दे."

अशाच एका दुपारी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या आजी दारात उभ्या राहिल्या. वय झालेलं, हातात काठी, धाप लागलेली. काकूंना वाटलं, आता या बायबल उघडणार, आपण उपासनेला येत नाही म्हणून गोड शब्दांत कान उपटणार. आजींनी तसलं काही केलं नाही. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे नीट पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि खाटेजवळची खुर्ची ओढून घेतली.

"जा, आत जाऊन पड," त्या म्हणाल्या. "मी बसते."

"अहो आजी, तुम्हाला चहा तरी..."

"चहा मी काय जन्मात प्यायले नाही? जा म्हटलं ना!"

काकू आत गेल्या आणि उशीवर डोकं टेकताच मेल्यासारख्या झोपल्या. उठल्या तेव्हा खिडकीतलं ऊन कलून भिंतीवर गेलं होतं. बाहेर आजी हलक्या आवाजात कसलंतरी जुनं गीत गुणगुणत होत्या आणि सासूबाई त्यांचा हात धरून शांत पडल्या होत्या. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि हुंदके देऊन रडल्या. त्यांना कसलं दुःख नव्हतं त्या क्षणी. नुसतं बरं वाटत होतं, आणि बरं वाटणं म्हणजे काय ते त्या विसरून गेल्या होत्या.

आजी पुढे येत राहिल्या, जमेल तसं. मग एका हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्यामागून सासूबाईही गेल्या.

काकू पुन्हा चर्चला जाऊ लागल्या. तोवर नवे पाळक आले होते. तरुण, उत्साही, उपदेश मात्र अंमळ लांबवणारे. आपलं चर्च या वस्तीत आहे तर वस्तीला आपला काय उपयोग, हा प्रश्न त्यांना छळत असे. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. म्हणाले, "देव आपल्याला काय करायला सांगतोय, हे मला एकट्याला दिसत नाहीये. तुम्हीही बघा आणि सांगा."

मग काय, ज्याच्या त्याच्या कल्पनेला पंख फुटले. कोणी म्हणालं दवाखाना काढू. कोणी म्हणालं गाण्याचा मोठा कार्यक्रम करू, चौकात मंडप घालू. कोणाला पत्रकं छापायची होती. काकू मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना सारखी ती भिंतीला टेकवलेली काठी दिसत होती. त्या उठून कधी उभ्या राहिल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मला वाटतं," त्या म्हणाल्या, "आपण लोकांना झोप द्यावी."

पुढच्या बाकावरून चर्चचे खजिनदार मागे वळून म्हणाले, "ती तर पाळकसाहेब दर रविवारी देतातच की!"

चर्च हास्याने दणाणलं. सगळ्यात मोठ्याने हसले ते स्वतः पाळक. काकूंचे कान लाल झाले. पण हसू ओसरल्यावर पाळक म्हणाले, "काकू, बसू नका. पुढे सांगा." मग काकूंनी अडखळत सगळं सांगितलं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की सांभाळणाऱ्याचं काय होतं, पेटीवाल्या आजी काय करायच्या. आपण फक्त जायचं, दुपारी दोनेक तास बसायचं आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाला निजू द्यायचं. मग तो आपल्या चर्चचा असो नाहीतर कोणाचाही.

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं, झोपवाली काकू. आधी थट्टेने, नंतर तेच रूढ झालं.

बोलणं सोपं होतं. परक्या बाईच्या हवाली आपलं आजारी माणूस करून कोण झोपणार? काकू आणि पाळक वस्तीत दारोदार फिरले. लोक सभ्यपणे ऐकून घेत आणि सभ्यपणे दार लावून घेत. एका बाईने तर सरळ विचारलं, "तुम्हाला यात काय मिळतं?" पाळकांनी तोंड उघडलं, पण उत्तर काही सापडेना. परतताना ते म्हणाले, "काकू, माझं सगळं शिक्षण त्या बाईच्या पायरीवर संपलं बघा." काकूंना हसू फुटलं. पण मनातून दोघेही हिरमुसले होते.

त्याच सुमारास काकू घराची एक जास्तीची किल्ली करून घ्यायला कुलूपवाल्याकडे गेल्या. खाली त्याचं चिंचोळं दुकान, भिंतभर टांगलेल्या किल्ल्या, वर राहायची खोली. उंच, हडकुळा माणूस, बोलायला महाग. तो कानशीने किल्ली घासत होता, तेवढ्यात वरून दार वाजलं. ठक, ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा.

"वर कोणीतरी दार वाजवतंय," काकू म्हणाल्या.

"वारा आहे."

काकूंनी रस्त्यावरच्या झाडाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. वरून बायकी आवाज आला, "अरे उघडा ना कोणी! घंटा झाली!"

कुलूपवाल्याची कानस थांबली. त्याने मान वर केली नाही. "बायको आहे," तो म्हणाला. "टीचर होती. आता काही आठवत नाही तिला. बाहेर पडली तर सापडायची नाही, आणि दुकान नाही उघडलं तर खायचं काय? तुम्हीच सांगा काय करू."

दुनियेला कुलपं उघडून देणारा माणूस स्वतःच्या बायकोला कोंडून ठेवत होता आणि त्याची लाज त्याला खात होती. काकूंना ते त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत स्वच्छ दिसलं. ती वर्तुळं त्यांच्या ओळखीची होती.

"तुम्ही शेवटचे नीट कधी झोपलात?" त्यांनी विचारलं.

त्याने किल्ली पुढे केली. "ही लावून बघा. अडकली तर घेऊन या."

किल्ली अजिबात अडकली नाही. तरी काकू दुसऱ्या दिवशी गेल्याच. आणि तिसऱ्याही. शेवटी एका दुपारी त्याने कानस खाली ठेवली. "तुम्ही त्या चर्चवाल्या ना? मला सगळं ठाऊक आहे. वर जाऊन प्रार्थना-बिर्थना करायची नाही."

"बरं."

"पुस्तकं द्यायची नाहीत."

"चष्म्याशिवाय मलाच वाचता येत नाही, तुम्हाला कुठली देऊ?"

त्याच्या ओठाची एक कड हलली. त्याने खिशातून किल्ली काढली.

वरच्या खोलीत टीचर खिडकीपाशी ताठ उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, साडीचा पदर मात्र उलटा. काकूंना बघताच त्या म्हणाल्या, "उशीर झाला. नखं दाखव."

काकूंनी निमूट दोन्ही हात पुढे केले. टीचरनी एकेक बोट तपासलं, सुईने टोचलेल्या जागांवरून अंगठा फिरवला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "लागलं का गं? जा, बस."

खाली कुलूपवाला बाकावर आडवा झाला होता. गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं, तरी त्याला पत्ता नाही.

अशी सुरुवात झाली. कुलूपवाला निजतो म्हटल्यावर वस्तीतल्या आणखी दोन-तीन घरांनी दार किलकिलं केलं. चर्चमधल्या काही बायका पुढे आल्या, एक निवृत्त पोस्टमन आले. पण खजिनदारांना हे पटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. चर्चचं छप्पर गळलं तर सगळ्यात आधी शिडी लावणारा तोच. सभेत ते म्हणाले, "आपण प्रभूचं नाव न घेता जायचं, न घेता बसायचं, न घेता परत यायचं. मग चर्च आणि राखणदार यांच्यात फरक काय राहिला?"

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. प्रश्न काही वावगा नव्हता. त्यांनाही तो टीचरजवळ बसल्या बसल्या पडायचा. त्या एवढंच म्हणाल्या, "मी नाव घेते. मनात घेते. त्यांना ऐकू जात नाही, पण ज्याचं घेते त्याला जात असेल."

खजिनदारांनी मान हलवली. पटून की न पटून, ते कळलं नाही.

आणि मग ती दुपार आली. घरी नवरा तापाने फणफणला होता, काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. जाऊ नये असं वाटत होतं, पण कुलूपवाला वाट पाहत असेल म्हणून गेल्या. टीचर खुर्चीत शांत बसल्या होत्या. उन्हाची तिरीप, खाली रस्त्याचा मंद गलका. काकूंची मान जरा कलली, एवढंच. जागं होऊन पाहतात तो खुर्ची रिकामी आणि दार सताड उघडं.

जिना उतरताना काकू काय ओरडल्या हे त्यांना आठवत नाही. कुलूपवाला अनवाणी धावत सुटला. पाळक आले, पोस्टमन आले, बातमी कळून खजिनदारही जुनी स्कूटर काढून निघाले. काकू प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाक मारत होत्या, "टीचर! अहो टीचर!" आणि मनात, "प्रभू, माझी झोप काढून घे, कायमची काढून घे, पण त्यांना सांभाळ."

टीचर खजिनदारांना सापडल्या. शाळेच्या बंद फाटकासमोर उभ्या राहून त्या तिथल्या शिपायाला फैलावर घेत होत्या, घंटा अजून का दिली नाही म्हणून. खजिनदारांनी स्कूटर बाजूला लावली आणि जवळ गेले. टीचरनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "नखं दाखव."

चर्चचे खजिनदार, वस्तीतलं वजनदार माणूस, भर रस्त्यात त्यांनी दोन्ही हात पुढे केले. टीचरनी हात उलटेपालटे करून पाहिले. "घाणेरडी आहेत," त्या म्हणाल्या. "उद्या कापून ये. आता ओळीत चल." मग स्कूटर तिथेच सोडून खजिनदार त्यांचा हात धरून, त्यांच्या अर्धं पाऊल मागे राहून, सगळा रस्ता ओळीत चालत आले. ओळीत दोघंच होते, पण टीचर अधूनमधून मागे वळून पाहायच्या, कोणी मागे तर राहिलं नाही ना.

कुलूपवाल्याने बायकोला जवळ घेतलं. काकूंकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. तो चार शब्द बोलला असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

काकूंनी हात टेकले. पाळकांना निरोप पाठवला, मला आता जमायचं नाही. पाळक स्वतः घरी आले. काकू म्हणाल्या, "मी तुमच्या चर्चला मान खाली घालायला लावली. देवाने दाखवलं बिखवलं काही नव्हतं, माझंच डोकं फिरलं होतं."

अंथरुणावरून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, आईजवळ तू एकटी होतीस म्हणून तुझे हाल झाले. आणि आता तिथेही एकटीच जाऊन बसतेस. पुन्हा तेच की!"

पाळक त्याच्याकडे बघतच राहिले. "दोघांनी जायचं," ते हळूच म्हणाले. "एकाला पेंग आली तर दुसरा असेल. हे आधी का नाही सुचलं आपल्याला?"

"पण येणार कोण माझ्याबरोबर?" काकू म्हणाल्या. "आणि दार कोण उघडणार?"

"मी तसं आलोच होतो सांगायला," पाळक म्हणाले. "खजिनदार विचारत होते, टीचरकडे पुन्हा कधी जायचं म्हणून. त्यांनी नखं कापलीत."

दाराचं म्हणाल तर ते काकूंनी उघडवलं नाही. काही दिवसांनी कुलूपवाला स्वतःच त्यांच्या घरी आला. उंबऱ्याबाहेरच घुटमळला. काकू उठून उभ्या राहिल्या. बोलणी खायची मनाची तयारी केली.

"ती रोज तेच विचारते," तो म्हणाला. "शाळेत कधी जायचं. त्या दिवशी रात्रभर गाढ झोपली, किती दिवसांनी. मी काही झोपलो नाही. तिच्याकडे बघत बसलो." तो थांबला. शब्द जुळवायला त्याला फार श्रम पडत होते. "तुमच्याकडून ती निसटली. माझ्याकडून कधी निसटली नाही, कारण मी दारच उघडलं नाही. काकू, तिला शाळेपर्यंत चालवून आणाल का? तुम्ही आणि ते तुमचे... ओळीतले गृहस्थ?"

मग रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला तिघं निघत. पुढे टीचर, मागे काकू आणि खजिनदार. शाळेच्या बाईंनी फाटकाच्या आत एक खुर्ची टाकून दिली. सुटलेली पोरं घोळक्याने यायची आणि टीचरपुढे हात धरायची. कोणी मुद्दाम शाईने बरबटलेले हात दाखवायची, टीचरचं ओरडणं ऐकायला. टीचर ओरडायच्या आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की खजिनदार तोंड फिरवून रुमाल शोधायचे. परतताना एकदा ते काकूंना म्हणाले, "तो फरकाचा प्रश्न मी विचारला होता ना, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही."

"मलाही नाही," काकू म्हणाल्या.

"पण आता घाईही नाही."

दोन उन्हाळे असे गेले. मग टीचरचे पाय थकले, नंतर अन्नावरची वासना गेली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. अखेरच्या दिवसांत टीचर कोणाची नखं बघत नव्हत्या, डोळेही क्वचितच उघडायच्या. काकू उशाशी बसायच्या आणि कुलूपवाला पायाशी. निजायला जा म्हटलं तरी तो आता जायचा नाही.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "तुमचं ते म्हणा काहीतरी."

काकूंना आधी कळेना. "काय म्हणू?"

"मनात म्हणता ते. आज मोठ्याने म्हणा. तिलाही ऐकू दे."

काकूंनी टीचरचा हात हातात घेतला. इतकी वर्षं मनात म्हणून म्हणून मोठ्याने म्हणायची सवयच राहिली नव्हती. पाळकांसारखं सुंदर काही सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "प्रभू, या फार दमल्यात. पुष्कळ पोरं सांभाळली यांनी. आता तू जवळ बस आणि यांना निजू दे." पायाशी बसलेला माणूस हलकेच "आमेन" म्हणाला. तसं म्हणतात हे त्याला कुठून ठाऊक, कोण जाणे. पहाटेच्या आत टीचर गेल्या.

कुलूपवाला काही चर्चच्या बाकावर येऊन बसला नाही. कोणी त्याला आग्रहही केला नाही. खजिनदारांनी तर तसं बोलू पाहणाऱ्या एकाला डोळ्यांनीच गप्प केलं. एव्हाना काकूंच्या जोड्या वस्तीच्या पलीकडेही जाऊ लागल्या होत्या. दवाखाना काही निघाला नाही, चौकात मंडपही पडला नाही. पण पाळक बदली होऊन जाताना म्हणाले, "मी इथे देवाचं काम दाखवायला आलो होतो, आणि बघूनच चाललो." उपदेश मात्र त्या दिवशीही लांबलाच.

एका सकाळी काकू कुलूपवाल्याच्या दुकानावरून जात होत्या. नदीकडच्या गल्लीत एक हमाल होता. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हातारा तोंडाने तिखट, कोणाला जवळ येऊ देत नसे. पोस्टमन आजारी पडल्यामुळे काकूंना जोडीदार नव्हता. त्या सहज बोलता बोलता हे म्हणाल्या. कुलूपवाल्याने हातातलं कुलूप खाली ठेवलं, दुकानाची फळी ओढली आणि त्यांच्या बरोबर चालू लागला.

हमालाच्या दारापाशी पोचल्यावर मात्र त्याचा पाय अडखळला. आतून म्हाताऱ्याचा चढा आवाज येत होता. कोणावर तरी तो तोंडसुख घेत होता.

"काकू," तो कुजबुजला, "आत गेल्यावर बोलायचं काय? मला बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"काही बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. "पाय पुसायचे आणि खुर्ची ओढायची."

त्याने पायपुसण्यावर पाय पुसले, दोनदा. मग काकूंच्या आधी त्यानेच दार वाजवलं.